नवमीला धुतलेली म्हैस

“खुडे भाऊ, बर्फाचं मशीन किती वेळात चालू होते? अंदाजपंचे सांगू नका.”

डॉक्टर कुंदा वानखडे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. उजव्या हातानं डाव्या मनगटावरचं घड्याळ असं धरलेलं, की जसं काही ते पळून जाणार आहे. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. दसऱ्याचा दिवस.

“वीस मिनिटं,” मी म्हणालो.

“नक्की?”

“बाई, मधे दाढी करायचा वेळ धरून वीस सांगितली.”

“दाढी राहू द्या. हेलिपॅडवर गुडघाभर बर्फ पडून राहिला आहे. साडेसातला मला खाली हो की नाही ते कळवायचं आहे. हो म्हटलं तर हेलिकॉप्टर साडेनऊला येते. अकरानंतर ढग, म्हणजे आजची ती एकच फेरी. नाही म्हटलं तर नानांना स्ट्रेचरवर बांधून आपण तिघांनी आत्ताच चालायला लागायचं. नऊ तास. ऑक्सिजन आहे पाच तासांचा, पण तासातासाला खाली उतरत गेलो तर हवा वाढत जाते, निभू शकते. हेलिकॉप्टर आलं आणि न उतरता परत गेलं, तर मात्र दोन्ही गेलं. समजून राहिले ना तुम्ही?”

“समजलं. वीस मिनिटं.”

आत शेगडीजवळच्या खाटेवर ज्ञानूनाना शेवते बसले होते. बसले होते, कारण आडवं झालं की जीव घुसमटत होता. नाकाला ऑक्सिजनची नळी. छातीतून हुक्का ओढल्यासारखा आवाज येत होता आणि ओठांचा रंग जांभळं खाल्ल्यासारखा झाला होता.

बावीस वर्षं झाली याला. लडाखात साडेतेरा हजार फुटांवर एका बोगद्याचं काम चाललं होतं आणि मी तिथं फिटर होतो. मोसम संपला होता. चाळीस माणसं खाली गेली, आम्ही चौघं सामान आवरायला मागं राहिलो: मी, डॉक्टरीणबाई, स्टॅनझिन नावाचा तिथलाच एक माणूस, आणि नाना. नाना वाईकडचे, पन्नाशीचे, आचारी. आधीचा आचारी पळून गेला म्हणून पाचच दिवसांपूर्वी वर आले होते. त्या पाच दिवसांत त्यांनी आम्हाला चारदा आमटी खाऊ घातली आणि माझ्या एकाही गोष्टीवर शंका घेतली नाही. एक याक आमच्या जनरेटरच्या प्रेमात पडला होता आणि जनरेटर दुरुस्तीला खाली नेला तेव्हा त्यानं तीन दिवस चारा सोडला, असं मी त्यांना सांगितलं. नानांनी भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाले, “मुकं जनावर. लळा लागतोच.” असा श्रोता मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

डॉक्टरीणबाई खाटेजवळ गेल्या, खाली वाकल्या.

“नाना, काल काही जड उचललं होतं का? धाप लागेल असं काही काम?”

नानांनी मान हलवली. “कांदा... चिरत... होतो.”

“खुडे भाऊ, तुम्ही दिवसभर इथंच होते ना?”

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी नानांकडं बघितलं.

“कांदाच चिरत होते,” मी म्हणालो.

बाई वायरलेसच्या खोलीकडं गेल्या. मी पत्र्याच्या आडोशाकडं निघालो, जिथं म्हैस बांधली होती.

म्हैस म्हणजे ते मशीन. लाल रंगाचं, पेट्रोलवर चालणारं, दोन चाकांचं. पुढं रुंद जबडा, जबड्यात मळसूत्रासारखं फिरणारं पातं. बर्फात तोंड खुपसून चालायचं आणि मानेवरच्या नळकांड्यातून दहा हातांवर बर्फ फेकायचं. अंगावर आलेल्या म्हशीसारखं फुरफुरायचं म्हणून म्हैस. स्वभावही तसाच. चालू करायची तर पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा, पेट्रोल पाजणारं रबरी बोंडूक तीनदा दाबा आणि मग दोरी ओढा. आणि बंद करायची याहून मोठी रीत. काम संपलं की दोन-तीन मिनिटं रिकामी चालू ठेवायची, म्हणजे पोटातला बर्फ आणि ओल बाहेर पडते. मग कॉक बंद. इंजिन गप्प झाल्यावरही दोरी तीन-चार वेळा सावकाश ओढायची, नाहीतर दोरी गुंडाळणारी आतली चकती गोठून बसते. ही रीत मी कधी चुकवली नव्हती. नवमीपर्यंत.

नवमीला खंडेपूजन. आमच्याकडं वाळव्याला त्या दिवशी नांगराच्या फाळापासून सायकलीपर्यंत सगळं धुऊन पुसून पुजायचं. आणि पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत चालवायचं नाही, ते त्या दिवशी देव असतं. नवमीच्या दुपारी ऊन असं पडलं होतं, की पत्र्यावरून थेंब गळत होते. मी म्हशीला भरपूर कोमट पाण्यानं आंघोळ घातली, फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि वरून ताडपत्री टाकली. चालू करून वाळवली नाही. देव झालेल्या मशीनची दोरी कशी ओढायची?

संध्याकाळी बर्फ सुरू झाला. पहाटे पारा शून्याच्या खाली चौदावर होता.

आडोशाला स्टॅनझिन आधीच पोचला होता. तीन मोसम सांगलीकडच्या माणसांत काढल्यानं त्याला कामापुरतं मराठी यायचं. त्यानं ताडपत्री उचलून धरली होती.

“उस्ताद,” तो म्हणाला, “म्हैस काच झाली.”

खरोखरच काच झाली होती. लाल पत्र्यावर बोटभर जाड बर्फ, आणि त्याच्या आत माझं कुंकू, बर्फीत केशर दिसावं तसं. मी दोरीची मूठ धरली आणि ओढली. दोरी आली नाही. मीच तिच्याकडं गेलो. पाय लावून ओढली. मूठ हातातून निसटली आणि मी बसलो तो थेट बर्फात.

“काल पाणी टाकलं?” स्टॅनझिननं विचारलं.

“पूजा केली.”

त्यानं बर्फाला नख लावून बघितलं. “तुमचा देव थंडीचा नाही,” तो म्हणाला.

सात वाजून बावीस मिनिटं. वायरलेसच्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता. अजून आठ मिनिटं त्या ‘हो’ म्हणणार नव्हत्या. मला फक्त तिथवर चालत जायचं होतं, पन्नास पावलं. मी सांगायचं, बाई, मी मशीन धुतलं, ते दगड झालंय, स्ट्रेचर काढा. मी पन्नासातली वीस पावलं गेलोसुद्धा. मग बाई बाहेर आल्या आणि लांबूनच ओरडल्या, “कळवून टाकते ना मी?”

आणि मी हात वर केला. अंगठ्यासकट.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेलो आणि सगळ्यात मोठं पातेलं घेऊन त्यात पाणी ओतायला लागलो. नानांनी हात वर केला. तेवढा हात वर करायलाही त्यांना दोन श्वास लागले.

“पुन्हा... पाणी?”

“नाना, दोरीच हलत नाही. कढत पाणी ओतलं की—”

“अरं रंगा... ते बी गोठंल.” हुक्का वाजला, थांबला, पुन्हा वाजला. “वाळू भाज. कढईत. पुरचुंड्या कर... शेक दे. बाळंतिणीला देत्यात... तसा. तिला ऊब दे... ओल नको.”

मी कढई काढली. नानांचीच, वीस माणसांच्या भाजीची. उचलताना मी त्यांच्या जवळ वाकलो.

“नाना, बाईंना सांगू का कालचं?”

त्यांनी डोळे मिटले. “आधी म्हैस... चालू कर.”

स्टोव्ह मी बाहेर पडवीत घेतला, कारण बाईंनी ऑक्सिजनजवळ नवीन जाळ लावायला मनाई केली होती. सिमेंटच्या खोलीत कोरड्या वाळूची पोती होती. स्टॅनझिननं छावणीतले सगळे लोकरी मोजे गोळा केले. मी वाळू भाजायची, त्यानं मोज्यात भरून गाठ मारायची, आणि पळत जाऊन म्हशीच्या अंगावर ठेवायची: दोरीच्या चकतीवर दोन, कार्बोरेटरवर एक, तारांच्या नळ्यांवर एकेक, जबड्यात चार. गार झाला की मोजा परत कढईकडं. साडेतेरा हजार फुटांवर पळणं म्हणजे काय ते सांगत नाही, कारण ते खरं असूनही तुम्हाला थाप वाटेल.

आठ वाजता डॉक्टरीणबाई आडोशाला आल्या. म्हशीच्या पाठीवर बांधलेल्या एका निळ्या मोज्याकडं बघत राहिल्या.

“हे माझे आहेत.”

“परत देतो, बाई.”

“खुडे भाऊ, तुम्ही वीस मिनिटं म्हणाले होते. पन्नास झाली. आणि तुम्ही वाळू भाजून राहिले?”

“बर्फ आत शिरला. रात्री वाऱ्यानं ताडपत्री उडाली होती.”

ताडपत्रीच्या गाठी स्टॅनझिननं स्वतः मारल्या होत्या आणि सकाळी स्वतःच सोडल्या होत्या. तो मोज्यात वाळू भरत राहिला.

“ऐका माझं,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “ते साडेआठला निघतात. अजून नाही म्हणता येते. पलीकडच्या दरीत एक बाई अडली आहे, ते तिकडं जातील. नानांना मी काहीही करून खाली नेईन. पण आत्ता सांगा. तुमच्या त्या गोष्टींसारखं नको. मशीन चालू होणार की नाही?”

माझ्या हातात गरम मोजा होता. मी तो दोरीच्या चकतीवर दाबून धरला होता आणि आतून कट्कन काहीतरी सुटल्याचा आवाज आला. तो आवाज बर्फाचा होता की माझ्या मनाचा, मला आजही सांगता येणार नाही.

“होणार,” मी म्हणालो.

त्या नानांकडं परत गेल्या.

आठ पस्तीसला दोरी हलली. वीतभर आली आणि अडकली. पुन्हा शेक. मग हातभर. मग एकदम मोकळी झाली, खर्रर्र करून पूर्ण आली आणि माझं कोपर मागच्या पत्र्यावर आदळलं. मी कॉक उघडला, चोक लावला, बोंडूक तीनदा दाबलं. ओढली. काही नाही. ओढली. काही नाही. तिसऱ्यांदा. दहाव्यांदा. छातीत भाता फुटेल असं वाटायला लागलं. मी खाली बसलो की स्टॅनझिन ओढायचा, तो थांबला की मी. घाईत मी बोंडूक आणखी सहा-सात वेळा दाबलं असेन. मग पेट्रोलचा वास आला, घमघमाट, आणि मी दोरी सोडून दिली.

“काय झालं?” स्टॅनझिन.

“जास्त पाजलं. प्लग भिजला.”

“मग?”

“मग थांबायचं. कॉक बंद, चोक मोकळा, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही.”

आठ एकोणपन्नास. तो दहा मिनिटांचा वेळ मी कसा काढला, याच्या मी नंतर बऱ्याच गोष्टी रचल्या. एकीत मी शांतपणे विडी ओढली. पेट्रोलच्या त्या वासात विडी ओढली असती तर गोष्ट सांगायला मी नसतो. खरं म्हणजे मी पोळपाट-लाटण्यातलं लाटणं घेऊन जबड्यातला बर्फ ठोकत बसलो होतो. पात्यात हात घालायचा नाही, बंद असलं तरी नाही, एवढं भान तेवढं शिल्लक होतं. स्वयंपाकघराची खिडकी तिथून दिसायची. बाई नानांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नानांचं डोकं पुढं कललं होतं. मी लाटणं थांबवलं की हुक्का ऐकू यायचा. म्हणून मी थांबवत नव्हतो.

आठ एकोणसाठ. कॉक उघडला. ओढली.

म्हैस खोकली.

पुन्हा ओढली. फुर्रर्र, फट्, काळा धूर, फट् फट्, आणि मग ती अशी ओरडली की पत्र्यावरचा बर्फ घसरून माझ्या मानेत पडला. स्टॅनझिननं मला मिठी मारली. बाई खिडकीतून हातवारे करत होत्या, चला, चला! पण चोक एकदम काढला तर ती पुन्हा मेली असती. तीन मिनिटं मी तिच्यापुढं उभा राहून चोक केसाकेसानं मागं घेतला. बाईंना वाटलं असणार, हा माणूस मशीनची आरती करतोय.

हेलिपॅड म्हणजे कड्याच्या नाकाडावरची सपाट जागा, आरपार पंचवीस पावलं. मी म्हशीला खांदा लावला आणि घुसलो. बर्फ फवाऱ्यासारखा दरीत जात होता. गल्ली काढायची, वळायचं, शेजारी दुसरी गल्ली. मागून स्टॅनझिन फावड्यानं उरलंसुरलं ओढत होता. आठवी गल्ली, नववी. बोटं कुठं संपली आणि मूठ कुठं सुरू झाली, कळत नव्हतं. नऊ छत्तीसला त्यानं माझ्या पाठीवर बुक्की मारली आणि आकाशाकडं बोट केलं.

हेलिकॉप्टर दिसलं आधी, ऐकू आलं नंतर. चौथा हिस्सा अजून बर्फाखालीच होता. वैमानिकानं वर एक घिरटी घातली, मग खाली येऊन तरंगत राहिला. म्हैस त्याच्या तोंडावर बर्फ फेकत होती. मी इंजिन बंद करायची किल्ली फिरवली. बंद झाली नाही. पुन्हा फिरवली. तिच्या तारेत कुठंतरी अजून नवमीचं पाणी होतं. वेगाची तारही गोठलेली, दांडी खाली येईना, ती आपली पूर्ण जोरात ओरडत होती. कॉक बंद केला, पण कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपायला अडीच-तीन मिनिटं लागतात. वैमानिकानं काचेतून हात हलवला. मी निघालो, असा तो हात होता.

मी वाळूचा एक गार मोजा हातात गुंडाळला आणि प्लगची टोपी उपटली.

फिटरच्या धंद्यात मी बरेच झटके खाल्लेत. हा दातापर्यंत गेला. पण म्हैस गप्प झाली. मी आणि स्टॅनझिननं तिला ढकलत कडेच्या बर्फात नेऊन पाडली, आणि त्या तीन-चतुर्थांश जागेवर हेलिकॉप्टर उतरलं, एक पाय काळ्या जमिनीवर आणि दुसरा जेमतेम.

पंखा थांबवत नाहीत तिथं. इंजिन एकदा गार झालं तर पुन्हा लागेल याची खात्री नसते. तेव्हा त्या वाऱ्यात, त्या गदारोळात आम्ही तिघांनी नानांना स्ट्रेचरवरून आणलं आणि आत सरकवलं. नानांची नजर माझ्यावर होती. ओठ आता जांभळेही नव्हते, राखेसारखे होते. पेशंटबरोबर एकाच माणसाला जागा होती. बाईंनी पायरीवर पाय ठेवला, मग वळल्या आणि माझ्या खांद्याला धरून ओरडल्या, “खुडे भाऊ! एक सांगा! नानांनी काल खरंच काही केलं नव्हतं?”

तेव्हा मी बोललो. तोंड त्यांच्या कानटोपीजवळ नेलं आणि सगळं सांगून टाकलं. मशीन मी धुतलं. पाणी मी आणलं नाही. झरा छावणीच्या खाली साठ-सत्तर पावलांवर, आणि चढ उभा. मी नानांना म्हणालो होतो, नाना, या उंचीवर नव्या माणसानं बसून राहू नये, जितकं चालाल, जितकं ओझं वाहाल, तितकी हवा लवकर मानवते. मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. माझी कंबर धरली होती आणि मला खाली जायचा कंटाळा आला होता, एवढंच. नाना म्हणाले, असं व्हय, बरं झालं सांगितलंस. आणि बादल्या घेऊन गेले. मी उन्हात बसून म्हैस घासत राहिलो. प्रत्येक खेपेला ते थांबून छाती धरत होते आणि हसून म्हणत होते, मानवायला लागली बघ.

एवढं सगळं मी बोललो. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, कानाकडं बोट करून मान हलवली, काही ऐकू येत नाही, आणि आत चढल्या. दार लागलं.

पंखा फिरत होता म्हणूनच मी बोललो होतो. तो थांबलेला असता तर कांदाच चिरत होते असं मी दुसऱ्यांदा सांगितलं असतं.

मी आणि स्टॅनझिननं म्हैस उभी केली, प्लगची टोपी बसवून चालू केली आणि अर्धा तास रिकामी चालवली, सगळं पाणी उडून जाईपर्यंत. मग कॉक बंद करून दोरी चारदा ओढली. दुपारी ढग आले.

संध्याकाळी सहाला वायरलेस बोलला. खालच्या तळावरून डॉक्टरीणबाई. आवाज इतका स्वच्छ, की त्या शेजारच्या खोलीत असाव्यात.

“खुडे भाऊ, ऐकू येते?”

“येते बाई. नाना कसे आहेत?”

“चांगले नाहीत. इथले मोठे डॉक्टर म्हणतात हृदयाचा त्रास आहे. त्यांचं म्हणणं, जो माणूस दिवसभर बसून कांदा चिरतो त्याची फुप्फुसं अशी एकाएकी भरत नाहीत. मला वाटते हे उंचीचंच आहे. औषध दोन्हीचं वेगळं आहे आणि चुकीचं दिलं तर...” खरखर झाली. “विचारलं की नाना एकच सांगून राहिले, कांदा. माझ्याकडं दाखवायला काही नाही. सकाळी तुम्ही काहीतरी सांगून राहिले होते. मला त्यातला एकच शब्द कळला, बादल्या. बादल्यांचं काय?”

त्या तळावर वायरलेसच्या खोलीत संध्याकाळी सगळे साहेब चहा प्यायला बसतात, हे मला माहीत होतं. माझ्या कामाचे कागद ज्यांच्या हातात होते तेही. स्टॅनझिन दाराला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, वायरलेसकडंही बघितलं नाही. नुसता उभा होता.

“खुडे भाऊ? ऐकू येते?”

“पाणी त्यांनी आणलं, बाई,” मी म्हणालो. “मशीन धुवायला. खालच्या झऱ्यावरून. मीच आणायला लावलं.”

पलीकडं कुणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“किती बादल्या?”

जन्मभर मी आकडे फुगवले. दोन हातांचा साप मी नऊ हातांचा केलाय. त्या क्षणी मात्र जिभेवर आला तो आकडा होता दोन. दोन बादल्या. दोन म्हटलं तर कुणाचा विश्वास बसला असता आणि कुणाला फार राग आला नसता. दोननं फुप्फुसं भरतात का, ते मला माहीत नव्हतं.

“सात,” मी म्हणालो.

“भरलेल्या?”

“काठोकाठ.”

“कुणी सांगितलं त्यांना, असं ओझं वाहायला?”

“मी.”

मग बाई म्हणाल्या, “थांबा,” आणि त्या धावत गेल्याचं मला पावलांवरून कळलं.

माझं काम गेलं. चौथ्या दिवशी मला खाली बोलावलं आणि तिथूनच घरी धाडलं. त्यात कुणाची चूक नव्हती. जाताना डॉक्टरीणबाई भेटल्या नाहीत. त्यांनी तळावरच्या माणसाकडं एक चिठ्ठी ठेवली होती, त्यात एवढंच होतं, औषध बदललं, पहाटे श्वास मोकळा झाला. आणि खाली: माझे निळे मोजे पाठवा.

दिवाळीत मी वाईला गेलो. नाना अंगणात चुलाणापुढं बसून चिवड्याला फोडणी देत होते. वाळले होते, पण झारा त्याच जोरात फिरत होता. मी समोर बसलो.

“बाईंना सात सांगितल्यास म्हणं,” नाना झाऱ्यावर नजर ठेवून म्हणाले.

“हो, नाना.”

“आठ हुत्या.”

“मी मोजल्या होत्या. सात.”

“येक चढावर सांडली. मी परत खाली जाऊन भरून आणली.” त्यांनी शेंगदाणे टाकले, तडतड थांबेपर्यंत थांबले. “तुला बोललो न्हाई. तू हसला असतास.”